गाडी हलवू नका

जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेल्या माणसाबरोबर जायचं, हा माझा धंदा होता. दुकान नाही, पाटी नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुणाला कामासाठी व्हॅन घ्यायची असली की तो कुठून तरी माझा नंबर मिळवायचा आणि फोनवर म्हणायचा, "काका, एक गाडी बघायला याल का?" मुलगी बघायला जावं तसे आम्ही जायचो. गिऱ्हाईक आधीच प्रेमात पडलेलं असायचं आणि नाक मुरडायचं काम माझ्याकडे असायचं. ते मी मन लावून केलं.

त्याआधी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गॅरेजमध्ये मी तेहतीस वर्षं डिझेल मेकॅनिक होतो. नोकरी संपली तेव्हा अंगात ताकद होती आणि कानात इंजिनांचे आवाज होते. घरात बसलो असतो तर बायकोने मिक्सर दुरुस्त करायला लावला असता. म्हणून हा उद्योग सुरू केला.

लोकांना वाटतं, जुनी गाडी म्हणजे मीटर बघायचा. किती किलोमीटर पळाली तेवढं बघायचं आणि निर्धास्त व्हायचं. मी मीटरकडे सगळ्यात शेवटी बघायचो. मीटर मागे फिरवता येतो. बोरिवलीला एका दलालाने मला चाळीस हजार किलोमीटरची व्हॅन दाखवली. पेडलची रबरं नवी, सीटकव्हर नवं, स्टीअरिंगवर नवं कोरं कातडं. दलाल म्हणाला, "एका घरची गाडी आहे, आजोबा फक्त देवळात न्यायचे." मी खाली वाकून ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी अंथरूण उचललं. क्लच दाबताना टाच जिथे टेकते तिथे पत्र्याला वाटीएवढा खड्डा पडला होता. मी विचारलं, "आजोबा देवळात जायचे की नाशिकला?" दलाल हसला, मीही हसलो आणि आम्ही चहा पिऊन परतलो. त्या वेळी असं होतं. पकडला गेलेला माणूस चहा पाजायचा.

माहुलला एक वेगळाच प्रकार. गाडी रंगवून चकाचक, आत अत्तराचा घमघमाट. मालक छातीठोकपणे सांगत होता की गाडीत फक्त स्टेशनरीचे खोके वाहिले. मी गाडीभोवती फेरी मारली तर खाली चार मांजरी बसलेल्या, पाचवी मागच्या दाराशी अंग घासतेय. मी म्हटलं, "मालक, तुमच्या स्टेशनरीला गिऱ्हाईक बरंच आहे." मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी झिरपून तळाचा पत्रा आतून कुजतो. वरून रंग मारला तरी स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. तसा तो गेला.

पण या सगळ्या युक्त्या नंतरच्या. माझी खरी परीक्षा एकच होती आणि त्यावरूनच मी या भागात ओळखला जायचो. मी गेलो की आधी बॉनेटवर उजवा तळहात ठेवायचो. गाडी गरम लागली तर बघायचीच नाही.

हे जरा समजावून सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. आत हवा इतकी दाबली जाते की दाबल्यानेच ती तापते आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. इंजिन म्हातारं झालं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की तो दाब निसटायला लागतो. मग सकाळी थंड गाडी पटकन चालू होत नाही. सेल्फ मारत बसावं लागतं, गाडी खोकते, मागून पांढरा धूर सोडते. मात्र एकदा तापली की तीच गाडी तरण्या पोरीसारखी चालते. म्हणून विकणारे काय करतात, गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी गाडी चालू करून ठेवतात. काही जण तर नंतर बॉनेटवर ओला फडका फिरवतात. पण सायलेन्सर गरम राहतोच.

आमच्या फोरमननी मला हे पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. ते म्हणायचे, "डिझेल इंजिन झोपेतून उठताना बघायचं." मी ते इतकं मनावर घेतलं की बायको म्हणायची, "पोरांना ताप आला तेव्हा कपाळाला हात लावायला मला सांगावं लागलं. बॉनेटला बरा आपणहून लावतोस." मी हसण्यावारी न्यायचो. मला या हाताचा अभिमान होता आणि आता लिहितो आहे ते त्याच अभिमानाबद्दल.

किशोर गावडे नावाचा घाटकोपरचा एक खानावळवाला माझ्याकडे आला. त्याचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर आईने डबे सुरू केले आणि किशोरने ते वाढवले. पवईकडच्या दोन ऑफिसांचं जेवण त्याला मिळणार होतं, पण रोज दुपारी बाराच्या आत दीडशे डबे पोचवायला स्वतःची गाडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. विक्रोळीच्या एका चाळीत त्याने एक व्हॅन हेरली होती. पुढे आखूड नाक असलेली, जुन्या धाटणीची, मीटर तीन लाख ऐंशी हजार.

"तीन लाख ऐंशी?" मी म्हटलं. "अरे, पृथ्वीला नऊ फेऱ्या झाल्या तिच्या."

"काका, पण मीटर फिरवलेला नाय ना. फिरवायचा असता तर एवढा कोण ठेवेल?"

पोराचं बोलणं बिनतोड होतं. गाडी मोहन पालव नावाच्या माणसाची. भांडुपच्या बेकरीतून खारी, बटर, टोस्ट घेऊन मुलुंड ते घाटकोपर दुकानांना पोचवायचा. सतरा वर्षं एकच ड्रायव्हर, एकच रस्ता आणि माल इतका हलका की स्प्रिंगच्या पाट्यांवर कधी ताण नाही. असं असेल तर तीन लाख ऐंशी हजारांनी बिघडत नाही. पालव वर्षभरापूर्वी गेले होते आणि त्यांची बायको गाडी विकत होती. मी किशोरला बजावलं, "त्यांना फोन करून सांग, मला गाडी थंड हवी."

किशोरने माझ्यासमोरच फोन लावला. "वहिनी, उद्या सकाळी साडेसहाला येतो. तोपर्यंत गाडी हलवू नका हां, काकांना थंडी बघायचीय."

त्या वाक्यात काही चुकलं आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बरोबर साडेसहाला पोचलो. चाळीच्या अंगणात जांभळाखाली गाडी उभी होती. काचा पुसलेल्या, आरशाला ताज्या झेंडूची लहानशी माळ. दार उघडताच भाजलेल्या टोस्टचा वास आला. वर्ष झालं तरी गाडीतून तो गेला नव्हता. टाचेखालचा पत्रा झिजलेला पण सरळ. मला गाडी आवडली होती, हे मी आज कबूल करतो. मग पुढे येऊन बॉनेटवर हात ठेवला.

गरम.

सायलेन्सरजवळ हात नेला. तोही गरम. पालवबाई पहिल्या मजल्यावरून पाण्याचा तांब्या आणि दोन पेले घेऊन खाली उतरत होत्या. पन्नाशीतल्या, सडपातळ, केस ओले.

"वहिनी, गाडी हलवली होती का?" मी विचारलं.

"नाय हो. तुमी सांगितलात तशी जराव हलवलंय नाय."

गरम गाडीजवळ उभं राहून माणूस तोंडावर असं सांगतो याचा मला संताप आला. मी किशोरला म्हटलं, "चल."

"काका, निदान चालू तरी करून..."

"चल म्हटलं ना. हाताला कळतंय ते तोंडाने कशाला ऐकायचं?"

पालवबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "पाणी तरी घेवा," एवढंच म्हणाल्या. आम्ही पाणी न घेता निघालो.

हे इथेच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मला जिभेवर ताबा नाही. मुलुंडला आमच्या गॅरेजवाल्यांचा चहाचा कट्टा होता. तिथे मी हा किस्सा रंगवून सांगितला. बाई कशी ओल्या केसांनी, पाण्याचा तांब्या घेऊन गरिबीचा आव आणत आली आणि गाडी कशी तव्यासारखी तापलेली होती. लोक हसले. त्यातले निम्मे दलाल, निम्मे मेकॅनिक. जुन्या गाड्यांच्या बाजारात माझ्या शब्दाला वजन होतं. ते मला माहीत होतं आणि म्हणूनच मी तो शब्द ऐटीत वापरला.

चार महिने गेले. किशोरला मी सहा गाड्या दाखवल्या. एक धूर सोडायची, एकीची चासी मोडून जोडलेली, एकीचे कागद भलत्याच माणसाच्या नावावर. ऑफिसवाले थांबायला तयार नव्हते. तो भाड्याच्या रिक्षांतून डबे पाठवत होता आणि आमटी रस्त्यात सांडत होती. एके दिवशी तो माझ्या घरी आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलला.

"काका, विक्रोळीची ती गाडी अजून तिथेच उभीय."

"असणारच."

"असणारच काय? तुम्ही बोललात म्हणून कोण हात लावत नाय तिला. आणि चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर सगळ्यांना खाली करायचीय. नवीन जागेत गाडीला जागा नाय. भंगारवाला येऊन बघून गेला. यार काका, एकदा तरी थंडी बघा ना तिला. माझी वाट लागलीय इथे."

मी तयार झालो, पण माझ्या पद्धतीने. किशोरला म्हटलं, साडेसातला येतो असं कळव. स्वतः मात्र पावणेसहालाच तिथे जाऊन बसलो. बाई गाडी तापवताना तिला रंगेहाथ पकडायची, असा माझा बेत होता. चाळीसमोर एक चहावाला नुकताच स्टोव्ह पेटवत होता. त्याच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो.

सहा वाजून पाच मिनिटांनी पालवबाई खाली आल्या. केस ओले. हातात फडका आणि झेंडूचं फूल. त्यांनी काच पुसली, आरशाच्या माळेत फूल खोचलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मी कान टवकारले. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली आणि थंड इंजिन पेटायला मदत करणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबल्या. तीस वर्षं गाडी चालवणारे ड्रायव्हरही तेवढं थांबत नाहीत. मग सेल्फ मारला.

एका फटक्यात चालू. खोकली नाही, धूर नाही. रात्रभर उघड्यावर उभी असलेली, तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी, आणि आवाज असा एकसारखा की मी बाकावरून उठून उभा राहिलो. इतकं सुंदर थंड इंजिन मी नोकरीत असतानाही क्वचित ऐकलं होतं.

बाई कुठे गेल्या नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिल्या.

"या कुठे निघाल्या?" मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं.

"कुठे नाही. गाडी चालवताच येत नाही तिला. नुसती चालू करून बसते दहा मिनिटं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "मोहन रोज या वेळेला गाडी काढायचा. अख्खी चाळ त्या आवाजावर उठायची. तो गेल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून दिराने तिला चालू करायला शिकवलं. आता बॅटरीचं निमित्त. एक दिवस चुकवत नाही." मग जरा रागाने म्हणाले, "आणि मुलुंडचा कोणी मेकॅनिक हिची बदनामी करून बसलाय. म्हणे गाडी गरम करून लोकांना फसवते. हिला फसवता येत असतं तर काय हवं होतं."

मी त्यांना सांगितलं नाही की तो मेकॅनिक मीच. एरवी उभी गाडी रोज नुसती चालू ठेवणं इंजिनाला बरं नसतं, हे मी कुणालाही लगेच ऐकवलं असतं. त्या दिवशी ते डोक्यातही आलं नाही. डोक्यात एकच वाक्य होतं. गाडी हलवू नका. त्या बाईने खरोखरच गाडी हलवली नव्हती. हलवणं तिला येतच नव्हतं.

इंजिन बंद झालं तेव्हा मी अंगणात गेलो. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"तुमी त्या दिवशी पाणी न घेता गेलात."

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हटलं. आणखी बरंच काही ठरवलं होतं, पण तेवढंच आलं. मग कट्ट्यावर मी काय बोललो तेही सांगून टाकलं. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून आरशाच्या माळेकडे बघत होतो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "तुमी इचारलात, हलवली काय. चालू केली काय, असां इचारलां असतां तर सांगितलां असतां."

मी म्हटलं, रविवारी किशोरला घेऊन येतो, गाडी त्यालाच द्या, चांगला मुलगा आहे, गाडी भंगारात जाऊ देणार नाही. आणि हेही म्हटलं, "तुम्ही नेहमीसारखी सहाला चालू करा. मी थंड बघितली आहे. आता मला काही बघायचं नाही."

तिथून तडक कट्ट्यावर गेलो. ज्यांच्यासमोर किस्सा रंगवला होता त्या सगळ्यांना, जे नव्हते त्यांना फोन करून, सांगितलं की मी चुकलो, त्या बाई खऱ्या होत्या. पहिल्या वेळी लोकांनी चहा खाली ठेवून ऐकलं होतं. या वेळी कुणी म्हणालं, "सोडा ना काका, होतं असं," आणि क्रिकेटवर बोलायला लागले. बदनामी त्यांना जशी आठवत होती तशी ही माफी आठवली असेल, असं मला वाटत नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

रविवारी सात वाजता आम्ही गेलो. किशोर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चाळ निम्मी रिकामी झाली होती, काही दारांना कुलपं होती, अंगणात कुणाचं तरी जुनं कपाट पडलं होतं. जांभळाखाली गाडी उभी होती. पालवबाई पायरीवर बसल्या होत्या. या वेळी केस कोरडे होते, विंचरलेले. मी त्यांना नमस्कार केला आणि सवयीने, खरंच निव्वळ सवयीने, बॉनेटवर हात ठेवला.

बॉनेट थंडगार होतं. पत्र्यावर दव होतं, ते तळव्याला लागलं.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"आज चालू नाय केलंय," त्या म्हणाल्या. "तुमका थंड लागता ना?"

पालव गेल्यापासून एक सकाळ न चुकवलेल्या त्या बाईने शेवटची सकाळ माझ्या नियमासाठी सोडून दिली होती. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस, दोन माणसांसमोर बॉनेटवर हात ठेवून रडतो आहे, हे दृश्य काही शोभेचं नव्हतं. किशोर गोंधळून म्हणाला, "काका, काय खराब आहे का गाडीत?"

"गाडीत काही खराब नाही," मी म्हटलं आणि गाडीला लावलेली किल्ली काढून पालवबाईंसमोर धरली. "वहिनी, आजची तुम्हीच चालू करा."

त्यांनी मान हलवली. "आता जेची गाडी, तेणां करूची."

किशोर बसला. मी त्याला पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायला सांगितलं. एका सेल्फमध्ये गाडी चालू झाली. तो आनंदाने ओरडला, "झकास काका!" तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एका म्हातारीचा आवाज आला. तिला खालचं दिसत नव्हतं.

"गे शालिनी, आज उशीर झालो गे तुका!"

पालवबाईंनी वर बघितलं. "नाय गे मावशी," त्या म्हणाल्या, "आज दुसऱ्यान चालू केल्यान."

किशोरकडे ती गाडी अजून आहे. मी मात्र दोन वर्षांपूर्वी हे काम थांबवलं. आता लोक गाडीत एक डबी खोचतात, ती मोबाइलवर गाडीची सगळी कुंडली सांगते. विजेच्या व्हॅन आल्या आहेत. त्यांच्या बॉनेटवर हात ठेवला तर गरमही नाही आणि थंडही नाही, काहीच कळत नाही. मला डिझेलच्या त्या सकाळी आठवतात. ती खरखर, तो वास, पहिला धूर बघायला मागे वाकलेली माणसं. आठवण आली की किशोरच्या खानावळीत जेवायला जातो आणि गाडीचं दार उघडून बघतो. टोस्टचा वास आता गेला आहे. आमटीचा येतो.

त्या रविवारनंतरही मी जितकी वर्षं गाड्या बघितल्या, तितकी वर्षं हात ठेवतच राहिलो. फक्त गाडी गरम लागली की निघून जायच्याऐवजी विचारायचो, "सकाळी गाडी कुणी चालू केली होती?" बहुतेक वेळा उत्तर लबाडीचंच असायचं. तरी विचारायचो आणि पूर्ण ऐकून घ्यायचो.

त्या रविवारी किशोरने गाडी फाटकाबाहेर काढली. जांभळाखाली गाडीच्या आकाराची कोरडी जागा उरली. पालवबाई वर गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायलो. उजवा तळहात अजून थंडच होता.